अनुभव धागा: शॅमेलिऑनला पाणी कसं पाजता?

परदेशात वेल्ड (veiled), पँथर किंवा जॅक्सन या प्रजातींचा शॅमेलिऑन, म्हणजे रंग बदलणारा सरडा, पाळणाऱ्या मराठी मंडळींसाठी हा धागा. पिंजऱ्यात वाटी काठोकाठ भरलेली असते आणि तिच्या वरच्याच फांदीवर प्राणी कोरडा पडत जातो, कारण साचलेलं पाणी बहुतेक शॅमेलिऑनना पाणी म्हणून कळत नाही. पानावर चमकणारा, ओघळणारा थेंब दिसला की मग जीभ बाहेर येते. प्रजाती, गाव, वेळा, प्रमाण आणि काय बिघडतं, का बिघडतं, एवढं लिहा. कौतुकाच्या गोष्टी नकोत.

भारतातल्यांसाठी एक गोष्ट आधीच: आपल्याकडच्या रानातला शॅमेलिऑन १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहे. तो घरी आणणं गुन्हा आहे. त्याची इथे चर्चा नको.

न्यू जर्सी, वेल्ड, प्रौढ नर
पिंजरा जाळीचा, ६० × ६० × १२० सेंमी. दिवे लागायच्या १५ मिनिटं आधी २ मिनिटं फवारा, दिवे गेल्यावर पुन्हा २ मिनिटं. रात्री २ ते ६ फॉगर (थंड धुकं सोडणारं यंत्र), तोही खोली २० अंशांच्या खाली असेल तरच. दिवसा फवारा नाही. दुपारी आर्द्रता ३५ ते ५० टक्के, पहाटे ८५ च्या पुढे. वेल्ड मूळचा येमेन आणि नैर्ऋत्य सौदीचा. तिथे दिवस कोरडा, रात्री दव आणि धुकं. तोच क्रम इथे ठेवायचा. दिवे लागण्याआधी फवारा देण्याचा दुसरा फायदा म्हणजे बल्ब थंड असतो. तापलेल्या बल्बवर पाणी उडालं तर काच तडकते.

हिवाळ्यात हीटिंग सुरू झालं की घरातली आर्द्रता २० टक्क्यांवर येते आणि जाळीचा पिंजरा तासाभरात वाळतो. मागची बाजू आणि दोन्ही कडा पारदर्शक प्लास्टिकने झाकायच्या. वरची जाळी आणि पुढचं दार मात्र उघडंच.

ह्यूस्टन, पँथर
वरचं वेळापत्रक इथे जसंच्या तसं लावू नका. आमच्याकडे अडचण उलटी आहे: हवा आधीच दमट आणि उन्हाळ्यात रात्रीही खोली २४-२५ अंश. गरम, ओली आणि साचलेली हवा म्हणजे फुप्फुसाच्या संसर्गाला आमंत्रण. अशा रात्री फॉगर बंद, फक्त फवारे, आणि दोन फवाऱ्यांच्या मध्ये पानं पूर्ण वाळली पाहिजेत. पँथर मादागास्करच्या किनारपट्टीचा, त्याला दिवसा ५० ते ७० टक्के चालतात. पण दुपारीही बुंध्याला हात ओला लागत असेल तर पाणी जास्त होतंय. प्राणी मान वर करून तोंड उघडतो, श्वासाला शिट्टीसारखा आवाज येतो, तोंडाशी फेस दिसतो. यातलं एकही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर.

डब्लिन, जॅक्सन
हा पूर्व आफ्रिकेच्या डोंगरातला. रात्री १० ते १६ अंश मिळाले की धुक्याची भीती नाही. दिवसा २७ च्या वर गेला की पाणी कितीही द्या, तो सुकत जातो. आधी तापमान, मग पाणी.

दुबई, वेल्ड, मादी
नळाचं पाणी आणि नोझल (फवाऱ्याचं तोंड) यावर लिहिते, कारण निम्म्या तक्रारी इथेच असतात. कठीण पाण्यातला चुना नोझलच्या बारीक छिद्रात बसतो. धुक्याऐवजी एकच धार येते आणि अर्धा पिंजरा कोरडा राहतो. टाकीत आरओचं किंवा डिस्टिल्ड पाणी घाला. नोझल महिन्यातून एकदा काढून पांढऱ्या व्हिनेगरमध्ये रात्रभर बुडवा, नंतर साध्या पाण्याने धुवा. फॉगरची टाकी आठवड्याला घासायची. तिथला बुळबुळीतपणा म्हणजे जंतू, आणि तेच धुक्याबरोबर थेट छातीत जातात.

नोझल किती पाणी देतं ते डब्यावर वाचू नका, मोजा. तोंडाशी बाटली धरून १ मिनिट पंप चालवा. ६० मिली आलं तर दोन नोझल, दिवसाला ४ मिनिटं, म्हणजे जवळपास अर्धा लिटर. एवढं पाणी कुठेतरी जायला हवं. तळाला उतार दिलेला ट्रे, एका कोपऱ्यात भोक, खाली बादली. निचरा नसेल तर लोक नकळत फवारे कमी करतात आणि भोगतो प्राणी. टाकीही कोरडी पडू देऊ नका, पंप जळू शकतो.

लंडन, वेल्ड
पंप परवडत नसेल तर ठिबक. प्लास्टिकच्या पेल्याला तळाशी टाचणीचं एक छिद्र पाडून तो जाळीवर ठेवा. सेकंदाला एक थेंब पडला तर साधारण २०० मिली तासाभर पुरतं. थेंब रुंद पानावर पडावा. मनीप्लांट, जास्वंद किंवा शेफ्लेरा चांगले. प्लास्टिकच्या पानावरून पाणी लगेच घसरतं. नर्सरीतलं रोप आणलं तर पानं धुवा आणि माती बदला, औषध मारलेलं असतं. पेला रोज धुवायचा.

लाजरा प्राणी माणूस समोर असेल तर पीत नाही. ‘माझा कधी पितच नाही’ म्हणणाऱ्यांनी आधी खोलीबाहेर जाऊन पाहावं.

टोरांटो, पँथर आणि वेल्ड
पाणी पुरतंय का, हे आर्द्रतेच्या आकड्यापेक्षा शी नीट सांगते. तपकिरी भागाबरोबर येणारा युरेट (लघवीचा घट्ट भाग) पांढरा आणि ओलसर हवा. टोकाला थोडी पिवळी छटा चालते. सगळाच पिवळा-नारिंगी, खडूसारखा कोरडा असेल तर पाणी कमी पडतंय. खोल गेलेले डोळे आणि कातडीची घडी तशीच राहणं ही नंतरची लक्षणं. तोवर मूत्रपिंडांवर ताण आलेला असतो. अंडी असलेल्या मादीकडे विशेष लक्ष द्या, सुकलेल्या मादीची अंडी अडकतात.

युरेट नारिंगी दिसला की ३-४ दिवस सकाळचा फवारा ५ मिनिटांचा करा आणि ठिबक २ तास ठेवा. सिरिंजने पाजायचं तर १ मिलीची घ्या, थेंब ओठांच्या कडेला लावा आणि त्याला स्वतः चाटू द्या. श्वासाचं छिद्र तोंडातच जिभेच्या बुडाशी असतं. जबडा उघडून पिचकारी मारली तर पाणी फुप्फुसात जातं. दिवसा डोळे मिटून बसला असेल तर घरगुती उपाय थांबवा.

ह्यूस्टनहून पुन्हा
हॉर्नवर्म अळीत पाणी भरपूर, आजारी प्राण्याला आठवड्यातून २-३ द्यायला हरकत नाही. पण तिच्या भरवशावर फवारा कमी करू नका. खायला द्यायच्या क्रिकेटना (रातकिड्यांना) आदल्या रात्री गाजर किंवा संत्र्याची फोड घाला. सुकलेला किडा प्राण्यालाही काही देत नाही.

न्यू जर्सी, मीटरबद्दल राहिलं होतं
काट्याचं आर्द्रतामापक घेऊ नका, डिजिटल घ्या आणि तपासा. बाटलीच्या झाकणात चमचाभर मीठ, ते ओलसर होईल एवढेच थेंब, विरघळू द्यायचं नाही. झाकण आणि मीटर झिपच्या पिशवीत बंद करून ८ तास ठेवा. आकडा ७५ यायला हवा. ७० आला तर पुढे प्रत्येक वेळी ५ मिळवून वाचा. मीटर पिंजऱ्याच्या मध्यावर लावा, नोझलच्या थेट फवाऱ्यात नाही.