जॉर्ज मायकन केवळ उंचीवर मोठा झाला काय?

चष्मेवाला सेंटर, नागपूर:
काल येथे एका सभासदाने लिहिले की १९४०-५० च्या दशकांतला अमेरिकन बास्केटबॉलपटू जॉर्ज मायकन हा ‘सहा फूट दहा इंचांचा खांब’ होता, समोर ठेंगणे खेळाडू असल्यामुळे त्याचे फावले आणि आजच्या संघात तो राखीव बाकावरही बसला नसता. हे वाचून गप्प राहणे मला जमले नाही. उंची जन्मासोबत येते, खेळ येत नाही. डीपॉल विद्यापीठात आला तेव्हा मायकन जाड भिंगांचा चष्मा लावणारा, बोजड हालचालींचा मुलगा होता. प्रशिक्षक रे मेयर यांनी त्याला दोरीवरच्या उड्या मारायला लावल्या, मुष्टियुद्ध आणि नृत्यही शिकवले. रिंगखाली एकदा उजव्या, एकदा डाव्या हाताने चेंडू टाकण्याचा सराव तर आजही ‘मायकन ड्रिल’ म्हणूनच ओळखला जातो. सिमेंटच्या मैदानावर, चेंडू जमिनीला टेकू न देता, मी तो खांदे भरून येईपर्यंत केलेला आहे. जिल्ह्याच्या निवड चाचणीत मात्र निवडकर्त्याने माझा चष्मा पाहून मला रांगेबाहेर काढले. आईने चष्म्याच्या दांड्यांना इलॅस्टिक शिवून दिले होते. ते कोणी पाहिलेसुद्धा नाही.

पुण्याचा पॉइंट गार्ड:
‘खांब’ हा शब्द माझाच आणि तो मी मागे घेत नाही. आपल्यावर अन्याय झाला हे मान्य, परंतु त्याने मायकनचे मोजमाप बदलत नाही. १९५४-५५ च्या हंगामात चोवीस सेकंदांत फेक करण्याचा नियम आला, खेळ वेगवान झाला, आणि निवृत्तीनंतर १९५६ मध्ये परतलेल्या मायकनला ३७ सामन्यांत सरासरी साडेदहा गुणांच्या वर जाता आले नाही. शिवाय १९५० पर्यंत ज्या व्यावसायिक लीगमध्ये (एनबीए) एकही कृष्णवर्णीय खेळाडू नव्हता, तेथील गुणांचे विजेतेपद मी सर्वश्रेष्ठतेचा पुरावा कसा मानू?

मिनियापोलिसवासी:
हा दुसरा मुद्दा मला अधिक महत्त्वाचा वाटतो. फेब्रुवारी १९४८ मध्ये शिकागो स्टेडियमवर हार्लेम ग्लोबट्रॉटर्स या कृष्णवर्णीय खेळाडूंच्या संघाने मायकनच्या मिनियापोलिस लेकर्स संघाला ६१-५९ असे हरवले. मध्यंतराला लेकर्स नऊ गुणांनी पुढे होते. उत्तरार्धात ग्लोबट्रॉटर्सनी मायकनभोवती दोन-दोन, तीन-तीन खेळाडू उभे केले आणि अखेरच्या क्षणी अर्मर रॉबिन्सनने लांबून टाकलेला चेंडू रिंगमध्ये गेला. ज्यांना लीगची दारे बंद होती, त्यांनीच लीगच्या महानायकाला रोखून दाखवले.

चष्मेवाला सेंटर, नागपूर:
पुढच्या वर्षीही ग्लोबट्रॉटर्स जिंकले, हे मीच सांगतो. परंतु त्यानंतर लेकर्सही त्यांच्याविरुद्ध जिंकले, ते आपण का गाळता? आणि दारे बंद ठेवली ती संघमालकांनी. त्याचा हिशेब खेळाडूकडून कसा वसूल करता?

मिनियापोलिसवासी:
हिशेब मी मायकनकडे मागितलेलाच नाही, कृपया माझ्या तोंडी शब्द घालू नका. मी परदेशात वीस वर्षे काढली आहेत. नोकरीच्या पहिल्या मुलाखतीत माझे नाव वाचून समोरच्याचा चेहरा कसा बदलला होता, ते मी विसरलेलो नाही. ज्याला मैदानात उतरूच दिले नाही त्याच्याशी तुलनाच होऊ शकत नाही, आणि अशा वेळी ‘सर्वश्रेष्ठ’ हा शब्द जपून वापरावा, एवढेच माझे म्हणणे आहे.

सांगलीचा जुना पंच:
आपण तिघेही नियमांचे पुस्तक बाजूला ठेवून भांडत आहात. रिंगकडे उतरणारा चेंडू बचाव करणाऱ्याने अडवू नये, हा महाविद्यालयीन नियम मायकन आणि तसाच उंच खेळाडू बॉब कर्लंड यांच्यामुळे आला. नोव्हेंबर १९५० मध्ये फोर्ट वेन संघाने मायकनच्या धास्तीने चेंडू नुसता धरून ठेवला आणि १९-१८ असा सामना जिंकला. लेकर्सच्या त्या अठरा गुणांपैकी पंधरा मायकनचे होते. चोवीस सेकंदांच्या नियमाची गरज अशा सामन्यांनीच पटवली. १९५१-५२ पासून रिंगखालची पट्टी सहा फुटांवरून बारा फूट केली, तीही त्याला रिंगपासून दूर ढकलण्यासाठी. त्याची सरासरी २८.४ वरून २३.८ वर आली, हे खरे. परंतु १९५२, १९५३ आणि १९५४ ही तिन्ही विजेतेपदे लेकर्सनी त्या रुंद पट्टीवर मिळवली, आणि तोपर्यंत अर्ल लॉइड, चक कूपर, नॅट क्लिफ्टन हे कृष्णवर्णीय खेळाडू लीगमध्ये आलेले होते. १९५६ मधला मायकन एकतिशीचा होता आणि मधला संपूर्ण हंगाम खेळलेला नव्हता. त्या ३७ सामन्यांवरून त्याची कारकीर्द तोलणे मला अन्यायाचे वाटते.

पुण्याचा पॉइंट गार्ड:
रुंद पट्टीवरची तीन विजेतेपदे माझ्या हिशेबात नव्हती, हे कबूल करावे लागते. तरीही जिम पोलार्ड, व्हर्न मिकेल्सन, स्लेटर मार्टिन असे सहकारी असताना सारे श्रेय एकट्या मायकनला द्यायला मी तयार नाही. ‘खांब’ हा शब्द तेवढा मागे घेतो.

मिनियापोलिसवासी:
येथल्या टार्गेट सेंटर या क्रीडागृहात त्याचा ब्राँझचा पुतळा आहे. हुक शॉटसाठी हात वर गेलेला, डोळ्यांवर चष्मा तसाच. त्याच्यापुढे मीही थांबतो. मात्र शिकागोतल्या त्या ६१-५९ चा उल्लेख केल्यावाचून मी तेथून पुढे जाणार नाही.