आवडतं म्हणून दाखवतात की दाखवतात म्हणून आवडतं?

खिडकीची_सीट:
आमची आई मालिकेला रोज शिव्या घालते आणि साडेआठला कुकर बंद करून बरोबर टीव्हीसमोर. चॅनलवाले म्हणतात लोकांनाच हेच हवंय. खरंच का हो?

माहीमचा_मन्या:
टीआरपीत मोजतात काय तर कुठलं चॅनल चालू होतं आणि समोर कोण होतं, आवडलं का ते कोण विचारतंय. आमच्याकडे मेथी निवडताना चालूच असतो, ती पण आवडच धरणार ना 😄

उशिराची_लोकल:
१९६८ च्या अमेरिकन निवडणुकीत मॅकोम्ब्स आणि शॉ या दोन माध्यम-अभ्यासकांनी मत पक्कं न झालेल्या मतदारांना विचारलं, महत्त्वाचे मुद्दे कुठले, तर बातम्यांत जे जास्त होते जवळपास तेच निघाले. मत काय ते नाही, पण विषय कुठला हे तिथून येतं बहुतेक. आपल्याकडे पाऊस बघा, हिंदमाताला पाणी तुंबलं की दिवसभर तेच, बाकीच्या गल्ल्या जणू कोरड्याच.

खिडकीची_सीट:
रील्सचं तर त्याहून वाईट. ठाण्याला गर्दीत अंगठा हलवायला जागा नव्हती म्हणून एक मिसळ तीनदा फिरली, आता आठवडाभर नुसती तर्रीच येतेय.

माहीमचा_मन्या:
मग खाल्लीस का?

खिडकीची_सीट:
रविवारी. 🙈