मदत हवी आहे: नोटीस फळ्यावर, पत्ता कोणालाच नाही

नमस्कार मंडळी. सरकारी पैशातून होणाऱ्या औद्योगिक वसाहतीत आमच्या गावातल्या ९ घरांची वावरं चाललीत, आमचं साडेतीन एकर त्यातच. नोटीस म्हणे ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावली होती. जाऊन पाहिलं, तर लसीकरणाच्या पोस्टरखाली अर्धा कागद, तारीख पावसानं धुतलेली. घरी कोणालाच काही आलं नाही. तलाठी म्हणतात, "लावली होती ना!" लावली म्हणजे कळली का, भाऊ?

महाराष्ट्र औद्योगिक विकास अधिनियम, १९६१ चं कलम ३२ वाचलं. पोटकलम २ प्रमाणे जमीन घेण्याआधी मालकाला 'का घेऊ नये' हे सांगायची संधी देणारी नोटीस लागते. संयुक्त मोजणी (खात्यांनी मिळून जमीन मोजणं) अजून व्हायची आहे. बाबा मात्र आत्तापासूनच सातबारा उशाशी घेऊन झोपतात.

आधी भूसंपादन अधिकाऱ्याकडं लेखी हरकत देऊन पोच घ्यावी, की राजपत्रात अधिसूचना यायच्या आत थेट उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात रिट याचिका लावावी? ९ जणांची एकच याचिका चालते का? नोटीस बजावल्याचा अहवाल माहिती अधिकारात मागितलाय, पण त्यात ३० दिवस जातील. यवतमाळ-वर्ध्याकडचं कोणी यातून गेलं असेल तर सांगा. जमिनीच्या केसेस करणारा वकील माहीत असल्यास इनबॉक्समध्ये कळवा, फी देऊ, पण कापूस विकल्यावर.