मदत हवी आहे: 'क्योनिग विल्हेल्म'ची प्रतिकृती – दोर आणि पाण्याखालचं नाक

नमस्कार मंडळी,

फावल्या वेळात लाकडी जहाजं करतो. आजवर दोन मचवे, एक गलबत आणि एक आगबोट झाली. आता 'क्योनिग विल्हेल्म' ही जर्मन युद्धनौका करायला घेतली आहे आणि अडलो आहे. इथे जाणकार आहेत म्हणून विचारतो.

आधी जहाजाविषयी थोडं, म्हणजे अडचण कळेल. लंडनच्या थेम्स आयर्नवर्क्समध्ये ती तुर्की आरमारासाठी बांधायला घेतली होती, आराखडा एडवर्ड रीड यांचा. तुर्कांना पैसे भरणं जमेना, तेव्हा १८६७ साली प्रशियाने (पुढे जर्मनी एक झाला, त्यातलं सगळ्यात मोठं राज्य) ती विकत घेतली. फेब्रुवारी १८६९ मध्ये आरमारात दाखल झाली. लांबी ११२ मीटर, रुंदी १८.३ मीटर, वजन ९,७५७ टन. पुढची वीसेक वर्षं जर्मन आरमारात एवढं मोठं दुसरं जहाज नव्हतं. वाफेचं इंजिन होतं, शिवाय तीन डोलकाठ्या आणि पूर्ण शिडंही. १:२०० या प्रमाणात ती ५६ सेंटिमीटर होते, माझ्या फळीवर बरोबर मावते.

१८७० च्या फ्रान्सविरुद्धच्या युद्धात इंजिनाने त्रास दिला आणि फ्रेंच जहाजांशी गाठ पडलीच नाही. तिच्या नावाशी जोडलेला दिवस म्हणजे ३१ मे १८७८. इंग्लंडच्या फोकस्टनजवळ अॅडमिरल बाट्श यांच्या हाताखाली तीन जहाजं चालली होती. 'क्योनिग विल्हेल्म'च्या मागे 'प्रॉयसन', आणि उजव्या अंगाला, फारच जवळ, 'ग्रोसर कुरफ्युर्स्ट'. ही तिसरी सेवेत येऊन महिनासुद्धा झाला नव्हता. समोरून शिडाच्या होड्या आडव्या आल्या. त्यांना टाळायला 'ग्रोसर कुरफ्युर्स्ट' डावीकडे वळली. 'क्योनिग विल्हेल्म'ने सुकाणू फिरवेपर्यंत उशीर झाला होता. तिचं पाण्याखालचं लोखंडी नाक सोबतिणीच्या डाव्या कुशीत घुसलं. आतले कप्पे नीट बंद नव्हते, त्यामुळे साधारण आठ मिनिटांत 'ग्रोसर कुरफ्युर्स्ट' तळाला गेली. पाचशेच्या आसपास माणसं होती, अडीचशेहून जास्त गेली. फोकस्टनच्या दफनभूमीत त्यांचं स्मारक आहे. ज्या नाकाने शत्रूची जहाजं फोडायची, त्याने आपलीच पोरं बुडवली. हे वाचल्यापासून डोक्यातून जात नाही.

१८९५-९६ मध्ये हॅम्बुर्गच्या ब्लोम उंड फॉस या जहाज कारखान्याने तिचा कायापालट केला. शिडं उतरवली, लढाऊ मनोरे बसवले, चिलखती क्रूझर म्हणून नोंद झाली. १८९७ साली व्हिक्टोरिया राणीच्या हीरक महोत्सवात जर्मन राजपुत्र हाइनरिश तीच घेऊन इंग्लंडच्या किनाऱ्याजवळ स्पिटहेडला गेले. यापेक्षा चांगलं जहाज देता येत नाही, याची खंत खुद्द कैसरने, म्हणजे जर्मन सम्राटाने, त्यांना कळवली होती. पुढे बंदरातलं राहण्याचं जहाज, मग म्यूर्विकला नौदलाच्या शिकाऊ पोरांची शाळा, आणि १९२१ मध्ये भंगार.

करायला सोपं रूप १८९६ चं, कारण दोरांचं जंजाळ नाही. मला मात्र १८७८ चंच करायचं आहे. म्हणून दोन प्रश्न:

पहिला, एवढ्या लहान मापात तिन्ही काठ्यांचे दोर कसे ओढू? शिवणाचा काळा दोरा वापरून पाहिला. त्याला लव येते आणि दोन दिवसांत तो सैल पडतो.

दुसरा, बहुतेक जण पाण्याच्या रेषेपर्यंतच जहाज करतात. तसं केलं तर नाकच दिसणार नाही. पूर्ण बूड कोरायला एकसंध ठोकळा घेऊ की थर चिकटवू? चिलखताचा मधला भाग कापून दाखवायचाही विचार आहे: बाहेर ३०५ मिलिमीटर लोखंड, आत २५० मिलिमीटर सागवान. १:२०० मध्ये ते दीड आणि सव्वा मिलिमीटर होतं.

प्रतिसाद – गलबतवाला
थर चिकटवा. एकसंध ठोकळा पावसाळ्यात तडकतो, माझा एक गेला आहे. दहा मिलिमीटरच्या फळ्या घ्या, प्रत्येक थराचा आकार आधी पुठ्ठ्यावर कापा, चिकटवून मग घासा. नाकाचा तुकडा वेगळा कोरून शेवटी बसवा, नाहीतर घासताना टोक जातं.
दोरा मेणबत्तीवर नको, मधमाशीच्या मेणावरून तीनदा ओढा आणि बोटांनी चोळा, लव बसते. डोलकाठ्यांना धरून ठेवणारे जाड दोर आधी ताणा, मागून पुढे. शिडांचे बारीक दोर सगळ्यात शेवटी. आडव्या काठ्यांना बांबूची कबाबची काडी तासून घ्या.
सागवान खरंच लावा. सुताराकडे व्हेनीरचे (लाकडाच्या पातळ पापुद्र्याचे) तुकडे मिळतात, दोन-तीन चिकटवले की सव्वा मिलिमीटर भरतं.

धागाकर्ता
मनापासून आभार. व्हेनीर आजच आणतो. एक राहिलं: शिडं उघडी दाखवू की गुंडाळलेली? उघडी ठेवली तर मागचे दोर झाकले जातात.

गलबतवाला
गुंडाळलेली. पातळ टिश्यू पेपर पाण्यात कालवलेल्या फेविकॉलमध्ये भिजवा, काडीवर गुंडाळा आणि ओला असतानाच दोऱ्याने बांधा. नाक बसवलं की फोटो टाका.