मदत हवी आहे: जपानमध्ये दोन नोकऱ्यांच्या मधल्या काळात आरोग्य विमा कुठला? (नोव्हेंबरात डिलिव्हरी)

नमस्कार मंडळी,

आम्ही टोक्योत, एदोगावा वॉर्डात राहतो. नवरा 30 सप्टेंबरला कंपनी सोडतोय, नवी नोकरी 1 डिसेंबरपासून. मी आणि चार वर्षांचा मुलगा त्याच्याच शाकाई होकेनवर, म्हणजे कंपनीच्या विम्यावर आहोत. आणि माझी तारीख नेमकी नोव्हेंबरअखेरची! पहिलं बाळंतपण पुण्यात सिझेरियनने झालं, त्यामुळे इथले डॉक्टरही सिझरच म्हणतायत.

एचआरने जपानी फॉर्म हातात ठेवला आणि "निनी केइझोकू की कोकुहो ते ठरवा" (म्हणजे जुनाच विमा पुढे चालू की वॉर्डातून मिळणारा सरकारी विमा) म्हणून मोकळे झाले. पुण्यातल्या मेडिक्लेमची सवय असल्याने पोटात गोळा आलाय. मॅटर्निटीला वेटिंग पीरियड लावतील का? आधीपासून गरोदर आहे म्हणून हात वर करतील का? आणि बाळंतपणासाठी मिळणारे मदतीचे 5 लाख येन कोण देणार, जुना विमा की नवा? कोणी यातून गेलं असेल तर सांगा प्लीज.

प्रतिसाद: ओसाकाकर

मेडिक्लेम डोक्यातून काढा. इथे 1961 पासून सगळ्यांना विमा सक्तीचा आहे, आणि तीन महिन्यांहून जास्त मुदतीचा व्हिसा असलेले आपणही त्यात येतो. सक्तीचा असल्यामुळेच वेटिंग पीरियड नाही आणि जुनं दुखणं कोणी विचारत नाही. कुयाकुशोत (वॉर्ड ऑफिसात) उशिरा गेलात तरी कोकुहोचा हप्ता 1 ऑक्टोबरपासूनचाच लावतात, फक्त मधली बिलं तुमच्या गळ्यात पडू शकतात. म्हणून 14 दिवसांच्या आत जा.

आता निवड. निनी केइझोकू म्हणजे जुन्याच कंपनीचा विमा पुढे चालू ठेवायचा, जास्तीत जास्त दोन वर्षं. कंपनी भरायची तो अर्धा हप्ताही आता तुम्हीच भरायचा, पण त्याला वरची मर्यादा असते आणि बायकामुलांचे वेगळे पैसे नाहीत. कोकुहोत अवलंबित ही भानगडच नाही. माणशी आकारणी, वर गेल्या वर्षीच्या उत्पन्नावर. (शाळेच्या वयाआधीच्या मुलाची माणशी रक्कम निम्मी, तेवढाच दिलासा.) पगार बरा असेल तर तिघांसाठी निनी बहुतेक वेळा स्वस्त पडतं. तरी कुयाकुशोच्या खिडकीवर कोकुहोचा आकडा काढून मागा, देतात. निनीचा अर्ज 20 दिवसांत गेलाच पाहिजे. ती तारीख हुकली की संपलं, तिथे गयावया चालत नाही.

प्रतिसाद: कासाईची काकू

अभिनंदन गं! 5 लाख दोन्हीकडे मिळतात, डिलिव्हरीच्या दिवशी ज्यांचा विमा असेल ते देतात. पैसे परस्पर हॉस्पिटलला जातात, वरचा फरक तू भरायचा. विमा बदलला की हॉस्पिटलला लगेच सांग, त्यांच्या करारपत्रावर विमा कोणाचा ते लिहिलेलं असतं.

नॉर्मल डिलिव्हरी आजार धरत नाहीत, म्हणून विम्यात बसत नाही. सिझर मात्र बसतं: 30 टक्के आपण, आणि त्यालाही महिन्याची कमाल मर्यादा. माझं 2024 मध्ये झालं तेव्हा मधल्या उत्पन्नगटाला 80,100 येन, अधिक एकूण खर्चातून 2,67,000 वजा करून उरलेल्याचा 1 टक्का, असा हिशोब होता. म्हणजे विम्यातला खर्च 5 लाख झाला तर दीड लाखाऐवजी 82,430. स्वतंत्र खोली आणि जेवण त्यात धरत नाहीत, ते वेगळं.

एक मेख आहे. ही मर्यादा 1 तारखेपासून महिनाअखेरपर्यंत मोजतात. अॅडमिशन 28 नोव्हेंबर ते 4 डिसेंबर झालं तर दोन मर्यादा, आणि तुमच्या बाबतीत विमेही दोन! डॉक्टरांना तारीख आधीची जमते का ते विचार.

मुलाचं बालवैद्यकीय कार्डही विमा बदलल्यावर वॉर्डात अपडेट करायचं असतं. आम्ही ते साफ विसरलो होतो.

धागाकर्ती

काकू, ओसाकाकर, खूप आभार! डॉक्टर 38व्या आठवड्यात करू म्हणाले, म्हणजे साधारण नोव्हेंबरचा मध्य. तेव्हा निनीच घेतोय. आई ऑक्टोबरअखेर येतेय तीन महिन्यांच्या व्हिसावर. तिला आमच्या विम्यावर घेता येईल का? बीपीच्या गोळ्या चालू आहेत.

प्रतिसाद: ओसाकाकर

नाही घेता येणार. तिथूनच ट्रॅव्हल इन्शुरन्स काढून यायला सांगा, त्यात बीपी आधीच लिहायला लावा. गोळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट, पण विनापरवाना फक्त एक महिन्याच्याच आणता येतात. तीन महिन्यांच्या हव्या असतील तर युन्यू काकुनिनशो, म्हणजे आयातीचं प्रमाणपत्र, आधी ऑनलाइन काढावं लागेल. तो अर्ज तुम्हीच इथून भरा, आईंना त्यात पाडू नका.