मदत हवी आहे: पाठीवरच्या कॅरियरमध्ये बाळ अर्ध्या तासात रडायला लागतं

रानवाट:
जरा लवकर उत्तरं द्या, रविवारी पुन्हा डोंगरावर जायचंय. बाळाला कॅरियरमध्ये घालून निघालं की पहिला अर्धा तास मजेत जातो. मग जे रडणं सुरू होतं ते बाहेर काढेपर्यंत थांबत नाही. पोट भरलेलं असतं, डायपर कोरडा असतो, झोपेची वेळही नसते. दोनदा अर्ध्या वाटेतून परत आलोय. मला चालणं सोडायचं नाहीये आणि बाळाला रडवत न्यायचंही नाहीये. दुसरं कुठलं कॅरियर घेऊ?

पाऊलखुणा:
बाळ केवढं आहे? वजन? कॅरियर कापडी की धातूच्या चौकटीचं? हे कळल्याशिवाय कुणी काय सांगणार?

मोगरी:
कापडीच घ्या. माझ्या दोन्ही मुलांना मी लांब कापडाने छातीशी बांधून हिंडवलं. बाळ इतकं वर बांधायचं की मान झुकवली तर त्याच्या टाळूला ओठ लागले पाहिजेत. हनुवटी छातीवर टेकू द्यायची नाही, श्वास अडतो. अंगाशी असलं की बाळ शांत राहतं.

दगडधोंडा:
मोगरीताई, सपाट रस्त्यावर ठीक आहे. उतरताना छातीवर बाळ असलं की स्वतःची पावलं दिसत नाहीत. मी असाच एकदा सुट्या मुरमावर घसरलो. बाळाला काही झालं नाही, पण माझा तळवा सोलवटून निघाला. त्या दिवसापासून डोंगरात बाळ पाठीवरच.

मोगरी:
कापड पाठीवरही बांधता येतं की.

दगडधोंडा:
येतं, पण मग बाळाची मान कलंडली तरी आपल्याला दिसत नाही.

मोगरी:
चौकटीत तरी कुठे दिसते? मागून चालणारं माणूस दोन्हीकडे लागतंच.

सायसाखर:
रागावू नका, पण एवढ्याशा जिवाला डोंगरावर न्यायचंच कशाला? जरा मोठं होऊ द्या.

रानवाट:
न्यायचं की नाही हे मी विचारलेलंच नाही. आठ महिने, साडेआठ किलो, आधाराशिवाय छान बसतं. कॅरियर चौकटीचं, पाठीवरचं. अजून काय हवंय?

टाकळा:
बूट मात्र अर्धा नंबर मोठे घ्या. उतारावर अंगठा पुढे आपटून नख काळं पडतं. मी दोन नखं घालवली आहेत.

पाऊलखुणा:
आपणहून बसतंय, मान धरतंय, म्हणजे चौकटीचं चालेल. आता सांगा, पाय लोंबकळतात का? बाहेर काढल्यावर मांडीवर वळ दिसतात?

रानवाट:
दिसतात! मांडीच्या आतल्या बाजूला, दोन्हीकडे, एकेक लाल रेघ. बोट फिरवलं की खोलगट लागते. पावलंही गार असतात. मला वाटलं थंडीमुळे, म्हणून दुहेरी मोजे घातले. त्यातला एक दर वेळी वाटेत पडतो.

पाऊलखुणा:
कॅरियर नवं आहे का?

रानवाट:
नणंदेचं आहे. तिचा मुलगा तीन वर्षांचा होईपर्यंत त्यातच बसायचा. त्याने काय फरक पडतो?

पाऊलखुणा:
अहो, सगळा फरक तिथेच आहे! बैठक तीन वर्षांच्या मुलाच्या मापाला खाली सोडलेली असणार. तुमचं बाळ त्यात बसत नाहीये, जांघेवर टांगलं गेलंय. सगळा भार त्या अरुंद पट्टीवर येतो, मांड्या दाबल्या जातात, पायांना मुंग्या येतात आणि अर्ध्या तासाने बिचारं रडतं. बैठकीचा पट्टा वर ओढा. बाळाची हनुवटी समोरच्या गादीच्या जरा वर आली पाहिजे. पाय ठेवायचे पट्टे असतील तर तेही आखूड करा. गुडघे ढुंगणाच्या बरोबरीला किंवा किंचित वर हवेत. मग बाळाच्या खांद्यावरचे पट्टे लावा. नवं काही घेऊ नका.

मोगरी:
गुडघे वर असण्याला माझंही अनुमोदन. इंटरनॅशनल हिप डिस्प्लेसिया इन्स्टिट्यूट ही बाळांच्या खुब्याच्या सांध्यांवर काम करणारी संस्थाही हेच सांगते: मांड्यांना आधार हवा आणि पाय बेडकासारखे फाकलेले हवेत. पहिले सहा महिने तर हे फारच जपायचं असतं.

दगडधोंडा:
थंडीचंही खरं असू शकतं हां. तुम्ही चढून घामाघूम होता, बाळ नुसतं बसलेलं असतं. स्वतःच्या अंगावरून अंदाज बांधू नका. त्याच्या मानेमागे दोन बोटं घालून बघा. दर तासाला खाली उतरवून पाय मोकळे करू द्या. आणि उन्हासाठी छतावर पंचा टाकू नका, हवा कोंडते आणि आत भट्टी होते. तुमचा कमरेचा पट्टा कुठे येतो? तो कमरेच्या हाडावर हवा. रिकामं कॅरियरच तीनेक किलोचं असतं, त्यात बाळ, पाणी, डायपर. एवढं खांद्यावर घेतलंत तर तासाभरात तुम्हीच रडाल.

रानवाट:
बैठक खरंच अगदी तळाला होती! दोन घरं वर घेतली, पायांचे पट्टेही बांधले. काल घरातच पाठीवर घेऊन चाळीस मिनिटं फिरले, जिनाही चढले-उतरले. रडणं नाही. काढल्यावर मांडी बघितली, रेघ नाही. इतके दिवस त्याला दुखत होतं आणि मी मोजे चढवत बसले, याचं फार वाईट वाटतंय. आता एकच. शेवटी झोप लागली आणि डोकं समोरच्या गादीवर पडलं. चालतं का?

पाऊलखुणा:
गाल गादीवर टेकलेला आणि नाक-तोंड मोकळं असेल तर चालतं. हनुवटी छातीत रुतली किंवा नाक गादीत गेलं तर लगेच थांबून सरळ करायचं. मागून कुणी येणार आहे ना?

रानवाट:
हो, नवरा. त्याला दर पाच मिनिटांनी बघायला सांगते. आणि फांद्यांखालून जाताना गुडघ्यात वाकेन, एकदा बाळाची टोपी अडकली होती.

टाकळा:
मोज्यांऐवजी पाऊल झाकणारा पायजमा घाला. पडायला काही उरतच नाही.