गावच्या महायुद्धाच्या पाटीवर आकडा आहे, नावं नाहीत. ती शोधून लावावीत का?

घाटावरचा: सातारा, रत्नागिरीकडं बऱ्याच गावांत चावडीच्या नाहीतर शाळेच्या भिंतीत संगमरवरी पाटी असते बघा, या गावातून इतके लोक १९१४ ते १९१९ च्या महायुद्धाला गेले, त्यातले इतके मेले. बास. नाव एकाचंही नाही. आमच्याकडं आता शेजारी नावांचा दगड लावायचं चाललंय आणि माझं म्हणणं लावाच. कॉमनवेल्थच्या युद्धकबर आयोगाची यादी ऑनलाइन फुकट आहे, पलटण टाकून शोधा, समजा ११० वी मराठा लाइट इन्फंट्री, की मेसोपोटेमियातल्या, म्हणजे आताच्या इराकातल्या, कुटच्या वेढ्यातली, मग तुर्कांच्या कैदेत गेलेली माणसं निघतात, बऱ्याच नोंदींत बापाचं नाव, गाव, जिल्हापण असतो. बसराच्या स्मारकावर गोऱ्यांची आणि आपल्या सुभेदार-जमादारांची नावं कोरली, साध्या शिपायांचे मात्र पलटणीवार नुसते आकडे. तिकडंही आकडा, इकडंही आकडा, शंभर वर्षं झाली की राव.

रोखठोक: इंग्रजांच्या साम्राज्यासाठी मेलेत ते. पगार घेतला, लढले, विषय संपला. त्याच गावातल्या बेचाळीसच्या भूमिगतांची पाटी आहे का बघा आधी.

रानवाटा: रोखठोक, महिना ११ रुपयांवर कोण हौसेनं मेसोपोटेमियात जातंय हो? कोरडवाहू रान आणि डोक्यावर सावकार, दुसरं होतं काय. बेचाळीसवाल्यांची पण लावा की, अडवलंय कुणी?

मोडीवाला: माझाही विरोध आहे, पण कारण वेगळं. रामा शिंदे, बाळा पवार अशी नावं त्या यादीत ढिगानं, आणि गावाचं स्पेलिंग पलटणीतल्या कारकुनाच्या कानाला आलं तसं. वडगाव म्हणजे कुठलं वडगाव? पंजाबच्या ३ लाख २० हजार सैनिकांच्या गाववार वह्या लाहोरच्या म्युझियममध्ये होत्या, २०२१ पासून त्यातल्या काही ऑनलाइन आल्या, त्यांचं काम सोपं. आपल्याला एकेक माणूस जुळवत बसायचंय, आणि नुसतं नाव जुळलं म्हणून दगडावर घेतलं की चार भावक्या येणार, आमचाच पणजा म्हणून. कोतवाल बुकात बघायला जाल तर माणूस मेला बसऱ्याला, गावच्या मृत्यूनोंदीत येईलच असं नाही. खरा पुरावा म्हणजे मेल्यावर जमिनीला वारस लावल्याचा फेरफार, १९१५ ते २० मधला, तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये. यादी आणि फेरफार दोन्ही जुळले तरच कोरा, नाहीतर आकडा आहे तो बरा. आकडा निदान खोटं तरी बोलत नाही.

तळ्याकाठी: वा, म्हणजे ज्याच्या नावावर जमीन होती तोच शहीद! १११ वी महार पलटण १९१७ ला उभी केली आणि १९२१ ला मोडली, त्यातल्या पोरांच्या नावावर कुठला सर्व्हे नंबर काढणार तुम्ही? वतनाची जमीन पण सगळ्यांत मिळून. तुमची अट लावली तर दगडावर पाटील, देशमुख न् बागायतदारच राहणार, आणि लोक म्हणणार आमच्या गावातून हेच गेलेवते.

बंदरावरून: आमच्याकडचे खलाशी तर पलटणीत शोधून सापडायचेच नाहीत. ते मशीद बंदरला, इंडियन सेलर्स होमच्या स्मारकात, दोन हजारांवर आहेत तिथं. पाटीच्या आकड्यात त्यांना धरलंय का, हे आधी कोण सांगणार?

मोडीवाला: तळ्याकाठी, मुद्दा बरोबर आहे, पण म्हणून अंदाजानं कोरायचं का? फेरफार नसेल तर पेन्शनचा कागद, मेडल (कडेला नंबर आणि नाव असतं), काहीतरी द्या. तोवर ग्रामपंचायतीत वही ठेवा, आक्षेप मागवा.

तळ्याकाठी: मेडलं विकून खाल्ली लोकांनी दुष्काळात. आणि ग्रामपंचायतीची वही! सरपंच बदलला की गहाळ, माहितीय ना.

घाटावरचा: मग असं करू का, पाटीवर मेलेल्यांचा जो आकडा आहे तेवढ्या ओळी दगडावर आखायच्या, पक्की नावं कोरायची, बाकीच्या ओळी कोऱ्या ठेवायच्या. कुणाला कागद सापडला की भरायची.

रोखठोक: कोऱ्या ओळी ठेवा नाहीतर भरा, मला पटलेलं नाही ते नाहीच. पण लावणारच असाल तर उद्घाटनाला आलेल्या आमदाराचं नाव त्या दगडावर येणार नाही, एवढं आधी ग्रामसभेच्या ठरावात लिहून घ्या.